पावणेनऊला एक मिनिट

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक लहानसें नोंदयंत्र ठेवलेलें आहे. पाहणाराला तें जुन्या रेडिओच्या खोक्यासारखें वाटतें. त्याच्या दर्शनी बाजूस एक अरुंद कांच असून तिच्यावर तारीख आणि वेळ उमटते. ती तारीख नेहमीं चुकीची असते, कारण रोज रात्रीं जेवण झाल्यावर मी ती हातानें बदलतों. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळचे आठ वाजून त्रेचाळीस मिनिटें, एवढें लावावयाचें, खुर्चींत मागें टेकावयाचें आणि एक मिनिट सात सेकंद स्वस्थ बसावयाचें, असा हा कार्यक्रम गेले कित्येक महिने चालू आहे. आमच्या घरांत त्याला ‘ह्यांची संध्या’ असें नांव पडलें आहे. “अहो, तुमचें अडतीस साल उजाडलें असलें तर दुधाला विरजण लावून टाका,” असें स्वयंपाकघरांतून ऐकूं आलें म्हणजे मी उठतों.

त्या मंगळवारीं सकाळीं पावणेनऊला जेमतेम एक मिनिट असतांना काय व्हावयाचें आहे, हें समजावें म्हणून संगणक वेळ कशी राखतो तें आधीं सांगितलें पाहिजे. संगणकाला तिथि, वार, महिना यांतलें कांहींच कळत नाहीं. त्याला एक गोष्ट उत्तम येते, ती म्हणजे मोजणें. १ जानेवारी १९७० रोजीं ग्रीनिचच्या वेळेनें दिवस सुरू झाला तो क्षण शून्य मानून तेव्हांपासून उलटलेले सेकंद त्यानें मोजावे, असा संकेत आहे. आपणांस कांचेवर दिसते ती तारीख म्हणजे त्या एका मोठ्या आंकड्याला भागून भागून दिलेलें माणसाळलेलें रूप. हा आंकडा ठेवावयाला जुन्या यंत्रांत बत्तीस घरें असत, आणि प्रत्येक घरांत शून्य किंवा एक यांखेरीज कांहीं मावत नसे. त्यांतलें एक घर आंकडा धन कीं ऋण हें दाखविण्यांत खर्ची पडे, कारण १९७० पूर्वींच्या तारखाही लिहितां आल्या पाहिजेत. उरलेल्या एकतीस घरांत जास्तींत जास्त २,१४,७४,८३,६४७ हा आंकडा मावतो. आपल्याकडे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटें सात सेकंद होतील त्या क्षणीं तो भरेल. पुढच्या सेकंदाला सर्व घरें एकदम पालटतात, आंकडा ऋण होतो, आणि यंत्र अत्यंत शांतपणें सांगतें कीं, आज १९०१ सालच्या डिसेंबरची तेरा तारीख, शुक्रवार असून ग्रीनिचला रात्रीचे पावणेनऊ वाजून गेले आहेत. हा क्षण भारतीय वेळेंत सांगण्याची सोय नाहीं. कारण १९०१ मध्यें भारतीय प्रमाणवेळ जन्मालाच आली नव्हती. ती १९०६ सालीं आली, आणि मुंबईनें तर त्यानंतरही कित्येक वर्षें आपली निराळी वेळ सोडली नाहीं. असो.

काळ असा वर्तुळांत फिरावा, याचें पंचांग पाहणाऱ्या घरांत कोणाला नवल वाटूं नये. संवत्सरांचीं नांवें साठ. प्रभवापासून क्षयापर्यंत गेलीं कीं पुन्हा प्रभव. १९७० सालची ती मध्यरात्र शके १८९१, सौम्य संवत्सरांत पडली होती. २०३८ ची ती सकाळ शके १९५९, पिंगल संवत्सरांत येईल. पण नुसतें ‘पिंगल’ म्हटलें तर कोणता पिंगल, हा संशय राहतोच. म्हणून जाणते लोक शकाचा आंकडा आणि संवत्सराचें नांव दोन्ही लिहीत. मराठेशाहींतल्या पुष्कळ पत्रांवर मात्र चंद्र आणि महिना एवढेंच असतें. सालाचा पत्ता नसतो. लिहिणाराला आणि वाचणाराला साल ठाऊकच होतें, मग तें लिहावयाची त्यांना गरज काय? राजवाड्यांसारख्या संशोधकांना मात्र त्या न लिहिलेल्या सालापायीं मजकुरांतल्या पुसट खुणा धुंडाळीत बसावें लागलें.

माझी आणि या मोजणीची ओळख पुस्तकांतून झालेली नाहीं. २००३ सालीं पुण्यांतल्या एका लहान कारखान्यांत मी नोकरीला होतों. विहिरी, कालवे आणि तलाव यांतल्या पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनीं लिहून ठेवणारें यंत्र आम्हीं तयार केलें. त्याच्या पोटांत लिनक्सचा कर्नेल होता. कर्नेल म्हणजे दाण्याच्या आंतला गर. संगणकांत तो प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामधला कारभारी असतो. पातळी मोजणाऱ्या नळीशीं बोलणारा त्याचा जो तुकडा, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो मीं लिहिला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. २००४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यांत, पाऊस येण्यापूर्वीं, पहिलीं यंत्रें बसलीं. २००५ च्या ऑक्टोबरच्या मध्यास त्यांतलें एक गप्प झालें.

तेथल्या पहारेकऱ्यानें वीज बंद करून पुन्हा चालू केली, आणि यंत्र पूर्ववत् चालूं लागलें. दोन दिवसांनीं दुसरें गप्प झालें, मग तिसरें. बसविण्याची वही काढून पाहिली तों काय, ज्या क्रमानें तीं बसविलीं होतीं नेमक्या त्याच क्रमानें तीं मूर्च्छित पडत होतीं! आणि ज्या गांवीं वीज वरचेवर जात असे व बॅटरीही कुचकामी होती, तेथलीं यंत्रें मात्र ठणठणीत. वैद्यानें हात टेकावे असेंच हें दुखणें होतें.

कारण सांपडलें तें असें. लिनक्समध्यें तारखेच्या घड्याळाखेरीज आणखी एक मोजणी असते. यंत्र चालू झाल्यापासून किती ठोके पडले, एवढेंच ती सांगते. या ठोक्याला तेथें जिफी म्हणतात. आमच्या यंत्रांत सेकंदाला शंभर ठोके पडत. बत्तीस घरांत मावतील तेवढे ठोके पडावयाला ४९७ दिवस आणि सुमारें अडीच तास लागतात. मग मोजणी पुन्हा शून्यावर येते. एकच वाचन दोनदां लिहिलें जाऊं नये म्हणून मीं अशी अट घातली होती कीं, आतांची मोजणी मागच्या वाचनाच्या वेळच्या मोजणीहून मोठी असेल तरच नवें वाचन घ्यावें. किती निरुपद्रवी अट! मोजणी शून्यावर आली त्या क्षणापासून ती मागच्याहून लहान झाली, आणि माझा ड्रायव्हर ती पुन्हा मोठी होण्याची वाट पाहत बसला. ती वाट आणखी चारशें सत्त्याण्णव दिवसांची होती. वीज गेली कीं मोजणी नव्यानें सुरू होई, म्हणून दरिद्री बॅटऱ्यांचीं गांवें वांचलीं.

याचा उपाय एका ओळीचा आहे, आणि तो कर्नेल लिहिणारांनीं आधींच करून ठेवला होता. दोन आंकड्यांत मोठा कोणता हें विचारावयाचेंच नाहीं; एकांतून दुसरा वजा करावयाचा आणि बाकी धन आहे कीं ऋण एवढें पाहावयाचें. बारानंतर एक वाजतो. एक हा बारांपेक्षां लहान, म्हणून घड्याळ मागें गेलें, असें आपल्यापैकीं कोणी म्हणत नाहीं, कारण आपण अंतर पाहतों. अंतर अर्ध्या फेऱ्याहून मोठें नसेल तोंवर ही युक्ति अचूक चालते.

त्याहून चतुर अशी एक गोष्ट मला मागाहून कळली. २००३ च्या डिसेंबरांत निघालेल्या कर्नेलच्या २.६ मालिकेंत ही मोजणी शून्यापासून सुरू होतच नाहीं. ती भरावयाला पांच मिनिटें उरलेलीं असावींत, अशा आंकड्यापासून ती मुद्दाम सुरू करतात. म्हणजे जो दोष सव्वा वर्षाहून अधिक काळानें, लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर, कोठें तरी कालव्याच्या कांठीं प्रकट व्हावयाचा, तो यंत्र चालू केल्यावर पांच मिनिटांत लिहिणाराच्या डोळ्यांदेखत प्रकट होतो. ज्या कोणाला ही कल्पना सुचली त्याला मी मनांतल्या मनांत कितीदां तरी नमस्कार केला आहे. आम्हीं मात्र खात्रीचा म्हणून जुना २.४ घेतला होता.

वाट पाहण्याला असें वर्तुळ पुरतें. नोंदीला पुरत नाहीं. नदीला पूर कोणत्या सालीं आला, याचें उत्तर वजाबाकीच्या चिन्हानें देतां येत नाहीं. तारखेच्या मोजणीला घरेंच वाढवून दिलीं पाहिजेत.

ही मोजणी मुळांत आली अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंतून. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं तेथें युनिक्स रचलें. त्याच्या १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेंत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेली होती. त्या मापानें बत्तीस घरें सव्वादोन वर्षांतच भरतात, आणि ही गोष्ट त्या पुस्तिकेंतच दोषांच्या सदराखालीं कबूल केलेली आहे. पुढें सेकंद हें माप आलें, आरंभ १९७० चा ठरला, आणि मुदत अडुसष्ट वर्षांवर गेली. दोन वर्षांत फुटणारा घडा ज्यांनीं नुकताच बदलला, त्यांना अडुसष्ट वर्षें हा अनंतकाळ वाटला असल्यास त्यांना दोष देववत नाहीं. १९९१ मध्यें हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स लिहावयास घेतलें तेव्हां हा घडा वारसाहक्कानें त्याच्या घरीं आला.

बत्तीसांचीं चौसष्ट घरें केलीं म्हणजे झालें, असें कोणीही म्हणेल. आणि चौसष्ट घरांत एकोणतीस हजार कोटींहून अधिक वर्षांचे सेकंद मावतात, हेंही खरें. मोठ्या संगणकांत हा पालट पूर्वींच झाला. अडचण आहे ती बत्तीस घरांच्या लहान प्रोसेसरांची, जे मीटरांत आणि कारखान्यांतल्या नियंत्रकांत गुपचूप बसलेले असतात आणि ज्यांना कोणी संगणक म्हणत नाहीं. तेथें कर्नेल आणि प्रोग्रॅम यांच्यामध्यें एक करार असतो. वेळ विचारली तर कर्नेलनें नेमक्या इतक्या घरांचा आंकडा नेमक्या या जागीं ठेवावा. कर्नेलनें एकाएकीं दुप्पट रुंद आंकडा ठेवला, तर तो शेजारच्या मजकुरावर सांडतो आणि बिचारा जुना प्रोग्रॅम वेडावतो. टोरवाल्ड्स यांचा तर दंडकच आहे कीं, कर्नेल सुधारतांना काल चालत असलेला प्रोग्रॅम आज बंद पडतां कामा नये.

ओपनबीएसडी या दुसऱ्या एका प्रणालीच्या लोकांनीं मे २०१४ मध्यें सगळा वाडा एकदम पाडून नवा बांधला. कर्नेल आणि त्यावरचे मूळ प्रोग्रॅम दोन्ही त्यांच्याच हातचे, त्यामुळें त्यांना तें शक्य झालें. लिनक्सच्या वाड्यांत भाडेकरू अगणित. त्यांना बाहेर काढतां येत नव्हतें. आर्न्ड बर्गमन आणि त्यांचे सहकारी यांनीं वर्षानुवर्षें एकेक ड्रायव्हर उघडून त्यांतली वेळ ठेवण्याची जागा रुंद केली. फायलींवरच्या तारखांचें काम दीपा दिनमणी यांनीं केलें. तें २०१८ सालीं ४.१८ आवृत्तींत आलें. मग मे २०१९ च्या ५.१ आवृत्तींत जुन्या दरवाजांना हात न लावतां त्यांच्या शेजारीं वीस नवे दरवाजे बसविले गेले. जुना प्रोग्रॅम जुन्या दारानें येतो आणि जुन्या मापाचा आंकडा घेऊन जातो; नवा नव्या दारानें येतो. मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तींत कर्नेलपुरतें हें काम बहुतांशीं पुरें झालें. त्या महिन्यांत सारें जग दारें लावून घरांत बसलें होतें, तेव्हां या बातमीकडे कोण लक्ष देणार? वाडा पाडून बांधण्यांत शौर्य दिसतें खरें. मला स्वतःला दुसऱ्या रीतीचें कौतुक अधिक वाटतें. वय झाल्याचा हा परिणाम असावा.

डिस्कवर लिहिलेल्या तारखांचा संसार आणखी निराळा. एक्स्ट-४ या रचनेंत दोन जादा घरें मिळाल्यानें ती २४४६ पर्यंत पोंचते. एक्सएफएसला २०२० च्या अखेरीस २४८६ पर्यंत मुदत मिळाली. एनएफएसची तिसरी आवृत्ति ऋणाचें घर सोडून देऊन २१०६ पर्यंत जाते. २०१९ च्या अखेरीपासून कर्नेल जुना साठा जोडतांना ‘यांत २०३८ पर्यंतच्याच तारखा मावतील’ अशा अर्थाची सूचना छापतो, आणि ती वाचून डिस्क बिघडली असें समजून घाबरलेले लोक मीं पाहिले आहेत. त्यांना मी सांगतों कीं, हा कारभारी नुकताच खरें बोलावयास शिकला आहे.

गेल्या वर्षीं आमच्या कचेरींतल्या एका तरुण इंजिनीयर मुलीकडे त्या जुन्या नोंदयंत्रांचें काम आलें. फार तर दहा वर्षें टिकतील म्हणून बसविलेलीं तीं यंत्रें वीस वर्षांनंतरही पाणी मोजीत होतीं, हें ऐकून आनंद मानावा कीं भ्यावें हें मला कळेना. तिनें नवा कर्नेल अनावश्यक भाग कापून कापून त्या चिमुकल्या पोटांत बसविला. त्यावर सी भाषेचें ‘मसल’ नांवाचें आटोपशीर ग्रंथालय घातलें, ज्यानें २०२० मध्यें चौसष्ट घरांची वेळ स्वीकारली होती. एका संध्याकाळीं आम्हीं घड्याळ पुढें लावलें. आठ चव्वेचाळीस सात, मग आठ, मग नऊ. कांचेवर २०३८ कायम! मीं पेढे आणविले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “सर, रात्रींच्या नोंदी सांपडत नाहींत.”

जुन्या नोंदी होत्या. रात्रींची मात्र एकही नव्हती. दोष कर्नेलचा नव्हता, ग्रंथालयाचाही नव्हता. यंत्रांतल्या वहींत प्रत्येक वाचन बारा बाइटांत लिहावयाचें, आणि त्यांतले चार, म्हणजे बत्तीस घरें, वेळेला द्यावयाचे, ही रचना २००३ सालीं मीं ठरविली होती. आंत वेळ बरोबर होती. वहींत उतरतांना ती १९०१ होत होती. शिवाय दहा वर्षांहून जुन्या नोंदी दर सहा तासांनीं पुसाव्या, असा एक झाडूवाला मींच तेथें नेमलेला होता. तो आला, आज २०३८ आहे हें त्यानें पाहिलें, वहींत १९०१ च्या नोंदी पाहिल्या, आणि आपलें काम चोख बजावलें. सगळ्यांत बोचणारी गोष्ट अशी कीं, आम्हीं कांहींच दुरुस्त केलें नसतें तर नोंदी वांचल्या असत्या! यंत्रालाही १९०१ वाटलें असतें आणि वहींतही १९०१ असतें. झाडूवाल्याला जुनें असें कांहीं दिसलेंच नसतें. तारखा खोट्या झाल्या असत्या, पण पाण्याचे आंकडे राहिले असते. अर्ध्या दुरुस्तीनें तेही नेले.

मीं तिला सुचविलें कीं, वहींतल्या वेळेचें ऋणाचें घर सोडून दे. आपल्या यंत्रानें १९७० पूर्वींचें पाणी कधीं मोजलेलें नाहीं. एका ओळीचा फरक होईल, आणि जुन्या नोंदीही जशाच्या तशा वाचतां येतील.

“म्हणजे २१०६ पर्यंत चालेल,” ती म्हणाली.

“हो. तोंपर्यंत हीं यंत्रें—”

मी थांबलों, कारण ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोरच्या पडद्याकडे पाहत होती. मूळ प्रोग्रॅमच्या त्या ओळीवर एक टीप होती. कोणत्याही सूज्ञ माणसाप्रमाणें मीं ती लिहिल्याचें मी साफ विसरून गेलों होतों. ‘२०३८ नंतर चुकेल. तोंपर्यंत हीं यंत्रें बदललेलीं असतील.’ खालीं माझ्या नांवाचीं आद्याक्षरें. ठाऊक नव्हतें म्हणून चूक झाली, असें म्हणण्याचीही सोय मीं ठेवली नव्हती. त्या वेळीं मी चौतीस वर्षांचा होतों, आणि आपण लिहिलेलें कांहीं आपल्या नोकरीपेक्षां अधिक टिकेल, ही कल्पनाच मला मोठेपणाची वाटली असती.

ती कांहीं बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

वेळेला आठ बाइट द्यावे तर नोंद बारांची सोळांची होते, आणि दहा वर्षांच्या वहींत साडेसातच वर्षें मावतात. पुराच्या हिशेबाला दहा वर्षें हवींत, असें आंकडे वापरणारांचें म्हणणें पडलें, आणि तें योग्यच होतें. तेव्हां बसविलेल्या यंत्रांत ऋणाचें घर सोडून द्यावें व यापुढच्या यंत्रांत आठ बाइट घ्यावे, असें ठरलें. मला हा निर्णय पटतो; तो घेतांना माझा आवाज मात्र २००३ सालच्यासारखा खणखणीत निघाला नाहीं.

“सर, ही जुनी टीप काढून टाकूं?” तिनें विचारलें.

“राहूं दे. खालीं नवी लिही.”

तिनें ती मलाच लिहावयास लावली, आणि मीं ‘तोंपर्यंत’ या शब्दानें आरंभ केला तेव्हां तो खोडावयास लावला. आतां तेथें असें आहे: ७ फेब्रुवारी २१०६, रविवार, भारतीय वेळेनें सकाळचे ११ वाजून ५८ मिनिटें १५ सेकंद. यानंतर लिहिलेली नोंद १९७० ची दिसेल आणि सहा तासांच्या आंत पुसली जाईल. पुसणारा भाग आधीं बंद करावा. त्याखालीं, आद्याक्षरांऐवजीं, माझें पूर्ण नांव.

टेबलावरचें यंत्र त्याच दुरुस्तींतलें आहे. रात्रीं मी घड्याळ लावतों, सात सेकंदांपाशीं श्वास जरा अडकतो, मग आठ उमटतात. सकाळीं उठून मी वही उघडतों आणि रात्रींच्या नोंदी मोजतों. आजपर्यंत एकही कमी भरलेली नाहीं, तरी मोजतों. आतां विरजणाची हांक दुसऱ्यांदा आली आहे.